खोकं उघडलं नव्हतं

“खोकं आत आणू नका. तिथंच ऱ्हाऊ द्या, पायरीच्या खाली.”

शेठ असं म्हणाला तेव्हा खोक्याचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं नवऱ्याच्या. दुपारचे बारा वाजले होते. लातूरचं ऊन. ते जड धूड आम्ही दोघांनी टेम्पोतून उतरवून तिसऱ्या पायरीपर्यंत चढवलं होतं. तसंच मागं घेतलं. एकेक पायरी उतरलो. खाली नालीच्या कडेला ठेवलं.

मला वाटलं, आत गिऱ्हाईक असेल, जागा नसेल. पदरानं तोंड पुसलं आणि वर गेले.

“शेठ, मी देवणीकडून आले. पिठाच्या गिरणीचं बोलले होते ना. दोन एचपीची सांगितली होती, एक एचपीची आली. तुमी म्हणले, घेऊन या, पैसे परत टाकतो.”

फोनवर हा माणूस मला ताई म्हणायचा. दर वाक्याला ताई. आता त्यानं नुसता हात पुढं केला. मी बँकेची स्लिप दिली. त्यानं ती दोन बोटांनी कोपऱ्याला धरली. माझं नाव वाचलं. आडनाव वाचलं. मग परत आडनाव वाचलं.

“गावात कुठं ऱ्हाती तू?”

“भीमनगरात.”

“हां. तिकडं माल टाकून आलेला डायव्हर सकाळीच बोलला मला. निळ्या झेंड्यापाशी उतरवलं म्हणून.” त्यानं स्लिप काउंटरवर टाकली आणि बोटं पँटला पुसली. “मग आता ही गिरणी मी कुणाला विकू?”

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. मी म्हणाले, “शेठ, खोकं उघडलं पण न्हाई. पट्ट्या तशाच हायत. तुमीच बघा.”

“उघडलं न्हाई ते खरं. पण होतं कुठं? चार दिवस कुणाच्या घरात होतं? पिठाची वस्तू हाय बाई ही. लोकाच्या तोंडात जाती. उद्या गिऱ्हाइकाला कळलं तर?”

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. एक बाई मिक्सरची भांडी उघडून बघत होती. तिनं हातातलं झाकण लावलं आणि दुसरं भांडं उचललं. कुणी हसलं नाही. कुणी काही म्हटलंही नाही. भाव ऐकावा तसं त्यांनी ते ऐकलं आणि आपापल्या कामाला लागले.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते. पण सांगते. मी हात जोडले.

“शेठ, बचत गटाचे पैसे हायत. लेकीबाळींचे हायत. असं करू नका.”

“अर्धे देतो. एकोणीस हजार. खोकं सोडून जा. मला ते भंगारातच घालावं लागणार.” त्यानं एक वही पुढं सरकवली. “पूर्ण मिळाले म्हणून सही कर.”

मी वहीकडं पाहिलं. पेनाकडं पाहिलं. आणि खरं सांगते, मी पेन उचललं होतं. मागून नवरा म्हणाला, “चल.” तो इतकंच म्हणाला. मी पेन ठेवलं.

खाली दुकानाचा हमाल उभा होता. म्हातारा, खांद्यावर टॉवेल. सगळे त्याला लिंबाजी म्हणत होते. आम्ही खोकं उचलायला वाकलो तसा तो जवळ आला, हळू आवाजात जयभीम म्हणाला आणि खोक्याला हात लावला. तिघांनी मिळून ते टेम्पोत चढवलं.

“मामा,” मी म्हणाले, “तो काय म्हणला ते तुमी ऐकलं ना?”

तो खाली बघायला लागला. टॉवेल काढून पुन्हा खांद्यावर टाकला.

“मला ऐकू कमी येतंय, माय. जा तुमी. इथं उभं राहून काय हुईना.”

टेम्पो उदगीरच्या रस्त्याला लागला. मी नवऱ्याला म्हणाले, त्यानं लिहून दिलंय, फोनमध्ये आहे, थांब दाखवते. फोन उघडला. जिथं त्याचा मेसेज होता तिथं राखाडी अक्षरांत एक ओळ होती. हा मेसेज डिलीट केला आहे. त्याच्या खाली आणखी एक तशीच. मी दुकानाच्या पायऱ्या उतरत होते तेवढ्या वेळात त्यानं ते पुसलं होतं.

मी दहावी झालेली बाई. माहेर नांदेड जिल्ह्यात, इस्लापूरकडं. सासर देवणी तालुक्यात. इथून कर्नाटक इतकं जवळ की बाजारात निम्मी माणसं कन्नडच बोलतात. नवरा गवंडी. मी सहा वर्षं उदगीरला मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला जात होते. सकाळच्या जीपनं जायचं, दिवे लागायला परत. पदराला, केसांना, जेवणाच्या डब्याला मिरचीचा वास. तिथं मला मशीन कळलं. कोणत्या दळणाला कोणती जाळी लावायची, मिरची किती वाळलेली पाहिजे, मोटार कधी तापते, सगळं. मशीन अडलं की मलाच हाक यायची. पगार मात्र पॅकिंगचाच यायचा.

म्हणून मनात घेतलं, आपली गिरणी टाकायची. गावात गिरणी आहे. तिथं आज तोंडावर कुणी काही म्हणत नाही. पण आमच्या वस्तीतला डबा रांगेत पुढं असला तरी मागं सरकतो. कोण सरकवतं ते दिसत नाही. विचारलं तर म्हणतात, अगं चुकून झालं.

आमचा दहा बायकांचा गट. शेषाबाई अध्यक्ष. साठीच्या पुढची, अंगठा सोडून सही शिकलेली. तिनं बँकेत उभं राहून मला अडतीस हजार मिळवून दिले. लातूरच्या दुकानाची जाहिरात मोबाइलवर पाहिली होती. फोन केला. “ताई, दोन एचपीची घ्या, पीठ पण हुतं, मसाला पण हुतो. पैसे खात्यावर टाका, की माल सुटला.” मी देवणीला बँकेत जाऊन फॉर्म भरला. खाते नंबर तीनदा वाचला. सही केली. काउंटरवरच्या पोरीनं शिक्का मारून स्लिप दिली. अडतीस हजार रुपये एका सहीनं गेले. नोट नाही, आवाज नाही. बाहेर येऊन मी स्लिप प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी ब्लाउजमध्ये.

खोकं आलं त्या दिवशी वस्तीतल्या बाया जमल्या. शेषाबाईनं फुलं आणली होती. माझी सुजाता अकरावीला आहे. तिनं खोक्यावरचं वाचलं आणि म्हणाली, “आई, याच्यावर एक एचपी लिहिलंय.” म्हणून आम्ही ते उघडलंच नाही. फुलं वाळून गेली. मी फोन केला. तो म्हणाला, गोडाऊनवाल्याची चूक, खोकं फोडू नका. टेम्पो मिळेपर्यंत चार दिवस गेले. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं लिहून पाठवलं, माल घेऊन या, लगेच पैसे परत टाकतो. बायांना घोर नको म्हणून मी तो मेसेज तसाच गटाच्या ग्रुपवर पुढं पाठवला होता.

त्याच्या फोनमधून पुसला, माझ्या फोनमध्ये त्यानं पाठवलेला पुसला. पण ग्रुपवर, दहा बायकांच्या फोनमध्ये तो राहिला. हे मला दोन दिवसांनी सुजातानं दाखवलं.

पण ते दोन दिवस.

खोकं घरात आणून भिंतीला लावून ठेवलं. आमचं घर दोन खोल्यांचं. कुठंही बसलं तरी ते दिसायचं. सुजातानं त्याच्यावर दप्तर ठेवलं तर मी तिच्यावर ओरडले. का ओरडले मला कळेना. नवरा जेवायला बसला की त्याच्याकडं पाठ करून बसायचा. मी भाकरी थापायला बसले आणि परातीत हात घातला, तर वाटलं, पिठाला काही झालंय. वास घेतला. ज्वारीचं पीठ, ज्वारीचाच वास. तरी हात चालेना. चार दिवस कुणाच्या घरात होतं? माझ्या घरात होतं. मी माझ्याच घराकडं त्याच्या डोळ्यांनी बघायला लागले होते. भांडी, चूल, लेकीची वेणी. काय लागतं आमच्या घरातून? काय चिकटतं?

आणि मग गिरणीचा वास आला. गरम पिठाचा. घरात गिरणी नाही, दळण नाही. पण तो वास आला, आणि मनगटावर बोटं जाणवली. मायची.

मी आठ वर्षांची होते. आमच्या गावात एकच गिरणी. आमची माणसं तिथं आत जात नव्हती. डबा ओट्याच्या कडेला ठेवायचा आणि लांब बाभळीखाली बसायचं. सगळ्यांचं झालं की शेवटी आमचं. त्या दिवशी माझा धाकटा भाऊ तापानं फणफणत होता, घरात पीठ नव्हतं. माय मला घेऊन सकाळी गेली. दुपार झाली. एक डबा आला, तो पुढं गेला. दुसरा आला, तोही गेला. माय उठली. ओट्यापाशी गेली.

“मालक, आता माझं टाका. लेकरू तापलंय घरी.”

गिरणीवाल्यानं आमचा डबा उचलला. आम्हाला वाटलं, टाकतोय. त्यानं तो ओट्यावरून खाली, सांडपाण्याच्या चिखलात उपडा केला.

“घे. टाकलं.”

माय चिखलात बसून ज्वारी वेचत होती. मी पण वेचत होते. वर पट्टा फटफट चालू होता.

माझा धाकटा काका नांदेडला कॉलेजात शिकत होता. तो सुट्टीला आला, त्याला कळलं. त्यानं तहसीलला अर्ज केला. गावात असं कधी झालं नव्हतं. आठ दिवसांनी साहेब आले. चावडीवर सगळं गाव. मधल्या आठ दिवसांत आमच्या घरी कोण कोण येऊन गेलं, काय बोलून गेलं, मला कळलं नाही. एवढं आठवतं, मायला कुणी कामाला बोलावलं नाही, आणि ज्या विहिरीला आम्हाला हात लावता येत नव्हता तिथं आमची घागर भरून द्यायला कुणी पुढं आलं नाही.

साहेबांनी मायला विचारलं. माय म्हणाली, “माझ्याच हातून सांडली, साहेब.”

साहेबांनी मला विचारलं, “पोरी, तू होतीस ना तिथं? काय झालं?”

मायची बोटं माझ्या मनगटावर होती. दाबली. नखं लागली.

“मायच्या हातून सांडली.”

लोक हसले. साहेबांनी कागद मिटला. गिरणीवाल्यानं चहा मागवला. काका पुढं उभा होता, खोटा ठरलेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी विसरले असते.

तो त्याच दिवशी नांदेडला गेला. कॉलेज सोडलं. धान्याच्या मोंढ्यात पोती उचलायला लागला, असं ऐकू आलं. घरी परत आला नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी तो गेल्याचा निरोप आला, तोही दोन दिवस उशिरा. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. माय पण आता नाही. त्या दिवसाबद्दल तिनं मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. मी पण नाही. मी तिला दोष देत नाही. पण काका मला दिसतो. उदगीरच्या स्टँडवर, बाजारात, कुणाच्या तरी पाठीवर पोतं असलं की दिसतो. तो वळून बघेल म्हणून मी मान फिरवते.

तिसऱ्या दिवशी मी सुजाताला म्हणाले, वही काढ.

आम्ही तक्रार लिहिली. दुकानाचं नाव, बँकेची स्लिप, तिच्यावरचा नंबर, ग्रुपवरचा मेसेज, खोक्याचा फोटो. तो जे बोलला ते मी सांगितलं आणि तिनं लिहिलं. मध्येच तिनं पेन थांबवलं.

“आई, हे असंच लिहू?”

“असंच.”

लिहिताना तिचं तोंड लाल झालं होतं. शाळेच्या पुस्तकात तिनं असलं वाचलं होतं. आपल्या आईला कुणी म्हणालेलं ती पहिल्यांदा लिहीत होती.

एक प्रत रजिस्टर पोस्टानं दुकानाला, एक लातूरला ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या आयोगाला. महिना गेला. गटाचा हप्ता आला. घरात चार हजार होते, ते दिले. दुसऱ्या महिन्यात दुपारी वस्तीत एक मोटारसायकल आली. शेठचा मुनीम. पांढरा शर्ट, काखेत फाइल. विचारत विचारत आमच्या दारात आला.

नवऱ्यानं खुर्ची दिली. “ऱ्हाऊ द्या,” म्हणाला. उभाच राहिला. सुजातानं तांब्या-भांडं आणलं. “आत्ताच पिऊन आलो.” मग त्यानं फाइल उघडली.

“शेठ मोठ्या मनाचे हायत. पूर्ण अडतीस देतो म्हणतेत. वर पाच हजार, येण्याजाण्याच्या खर्चाचे. खोकं आमचंच वाहन येऊन नेईल. फक्त इथं सही करायची.”

नवऱ्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. दारात शेषाबाई आणि दोघीतिघी येऊन उभ्या होत्या. त्यांचेही चेहरे सैल झाले.

मी कागद घेतला. वाचला. टाइप केलेला होता. सदर दुकानमालकांनी माझ्या जातीबाबत अगर राहण्याच्या ठिकाणाबाबत कोणताही शब्द उच्चारलेला नाही. मी गैरसमजातून तक्रार केली असून ती मागे घेत आहे. खाली माझं नाव, सहीसाठी रेघ.

“सही कर,” नवरा म्हणाला. “बोलला ते बोलला. आपल्याला पैसे पाहिजेत.”

मला त्याचा राग आला नाही. हप्ते त्याच्याही डोक्यावर होते. बांबूचा पाड बांधून उन्हात तिसऱ्या मजल्यावर तो चढतो, मी नाही. पेन माझ्या हातात होतं. सुजाता माझ्याकडं बघत होती. काय बघत होती ते मला कळत होतं. आणि त्या घरात, भर दुपारी, माणसांच्या गर्दीत, मनगटावर मायची नखं रुतल्यासारखं दुखलं. मी हात मागं घेतला. जोरात घेतला. पेन खाली पडलं.

“पैसे द्या,” मी म्हणाले. “हे देत न्हाई.”

“दोन्ही सोबतच हायत, बाई.”

“मग दोन्ही घेऊन जा.”

“विचार करा. तारखा करत बसाल. जन्म जाईल.”

“जाऊ द्या.”

मोटारसायकल गेली. नवरा पण उठून गेला, न जेवता. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. गटातली एक बाई, लहान लेकरं असलेली, माझ्या दारात येऊन म्हणाली, “तुझ्या मानापायी आमचं नाव बँकेत खराब हुईल. आमी काय घोडं मारलं तुझं?” तिचं चुकलं नव्हतं. मी तिच्यापुढं मान खाली घातली. शेषाबाई म्हणाली, या महिन्याचं माझ्याकडून घे, पुढचं तुझं तू बघ. मी पुन्हा उदगीरची जीप धरली. तोच कारखाना, तीच पॅकिंग. गिरणीसाठी दोन महिने काम सोडलं होतं, म्हणून पगार पहिल्यापेक्षा कमी. जीपमध्ये बसलं की वाटायचं, सही केली असती तर आज घरी असते. हे वाटायचं. रोज वाटायचं. मी दगड नाही.

चौथ्या हप्त्याच्या आसपास तारीख लागली. मी आणि सुजाता लातूरला गेलो. आयोगाच्या बाहेर बाकावर बसलो होतो तर फोन वाजला. बँकेचा मेसेज. अडतीस हजार जमा. सुजातानं मला मिठी मारली. मला पण रडू आलं, खोटं कशाला बोलू. आत गेलो. शेठ आला नव्हता. त्याच्या वकिलानं सांगितलं, रक्कम दिलेली आहे, वाद संपला.

समोरच्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, “मिळाले का पैसे?”

“मिळाले.”

“मग आता तुमची तक्रार राहिली नाही?”

“मॅडम, तो काय म्हणला ते पण लिहिलंय त्यात. तिसऱ्या पानावर.”

त्यांनी तिसरं पान काढलं. वाचलं. बराच वेळ वाचलं, चार ओळींना लागायला नको एवढा वेळ. मग म्हणाल्या, “बाई, इथं वस्तूचं आणि पैशाचं बघतात. याच्यासाठी तुम्हाला पोलिसांत जावं लागेल.”

दुसऱ्या आठवड्यात दुकानाचं वाहन खोकं न्यायला आलं. सोबत लिंबाजी मामा. डायव्हर गाडीतच बसला. मामा आत आले, जमिनीवर बसले, पाणी प्यायले, दुसऱ्यांदा मागून प्यायले. मी खोक्याच्या पट्ट्या दाखवल्या. सगळ्या जागेवर.

“मामा, आता हे भंगारात जाणार का?”

मामांनी माझ्याकडं पाहिलं आणि ते हसले.

“कशाचं भंगार. वरची चिठ्ठी काढून दुसरी लावतेत. परवाच्या दिवशी इकतेत. कोण इचारतं?”

मी त्यांच्यासमोर बसले. म्हणाले, “मामा, मी ठाण्यात जाणार हाय. तुमी जबाब द्याल का? तुमी पायरीपाशीच हुता.”

ते भांड्याच्या काठावर बोट फिरवत राहिले.

“नातीचं लगीन ठरलंय. शेठनं उचल दिली हाय.” मग म्हणाले, “मला ऐकू येतं, माय. चांगलं येतं. पण मी येणार न्हाई.”

मी उठले. त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेले. ती खाली घातलेली मान मी ओळखते. आठ वर्षांची असताना मी तीच मान घेऊन चावडीवरून घरी आले होते. त्यांच्यावर ओरडायचा अधिकार मला नाही.

लातूरच्या ठाण्यात सकाळी दहाला गेले. नवरा सोबत आला. वाटेत एक शब्द बोलला नाही, पण आला. साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, “पैसे मिळाले ना बाई? मग आता कशाला?”

“पैशाची तक्रार न्हाई, साहेब. तो अर्ज झाला. हा दुसरा.”

“एवढ्या दिवसांनी?”

“हाव. एवढ्या दिवसांनी.”

बसा म्हणाले. बसलो. जेवणाची सुट्टी झाली. पुन्हा बसलो. चार वाजता अर्ज घेतला. मी पोच मागितली. कशाला पाहिजे म्हणाले. मी म्हणाले, पाहिजे. शिक्का मारून दिला. चौकशीला वरचे साहेब बोलावतील, जबाब होईल, असं सांगितलं. बोलावणं अजून आलेलं नाही. मी दर सोमवारी फोन करते. उचलतात, ठेवतात. मी पुढच्या सोमवारी पुन्हा करते.

गटाचं कर्ज मी फेडलं. गिरणी घेतली नाही अजून. घेईन. पण ते नंतर.

आधी जबाब. साक्षीदार कोण, असं विचारतील. ती तीन गिऱ्हाइकं कोण होती मला माहीत नाही. मामा येणार नाहीत. नवरा कधी येतो म्हणतो, कधी गप्प बसतो. शेठचा वकील म्हणेल, ही बाई पैसे मिळूनही अडवणूक करते. म्हणू दे. मी एकटी असले तरी जाणार. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत सांगणार, आणि मी हात जोडले होते, पेन उचललं होतं, तेही सांगणार. थोडक्यात सांगा म्हणाले तरी पूर्ण सांगणार. त्यांनी लिहिलेलं मला वाचून दाखवा म्हणणार नाही, कागद हातात घेऊन मी स्वतः वाचणार. आणि एक शब्द जरी बदललेला दिसला, तर सही करणार नाही. फाडा आणि पुन्हा लिहा म्हणणार. कितीदा लिहावं लागलं तरी.